दुष्काळी साहाय्याचे दर

दुष्काळी साहाय्याचे दर : अवर्षण, पीकबुडी वा महागाई ह्यांमुळे ज्यांची मिळकत आटली आहे अशा कुटुंबांना शासनाकडून मिळणारी मजुरी, शिधा किंवा रोख रक्कम किती असावी हे ठरविण्याची पद्धती. साहाय्य द्यावे की न द्यावे ह्या प्रश्नावर विपुल लेखन झाले आहे. ते किती द्यावे ह्या प्रश्नाचा इतिहास मात्र सरकारी ठराव, मजुरीची कोष्टके व चौकशी आयोगांची परिशिष्टे ह्यांत विखुरलेला आहे. वस्तुतः दुष्काळात माणसे जगली की मेली, हे पुष्कळदा ह्या कोष्टकांतील एखाद्या आकड्यावर अवलंबून राहिले. पूर्वीच्या मुंबई इलाख्यात व नंतर महाराष्ट्रात हा आकडा कसा ठरत गेला, त्याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

दर ठरविणाऱ्यांपुढे नेहमी दोन धास्ती असत. दर फार कमी ठेवला, तर माणसे मरतील ही एक आणि तो पुरेसा ठेवला, तर गरज नसलेलेही साहाय्यासाठी येतील ही दुसरी. ह्या दुसऱ्या धास्तीचा उगम हिंदुस्थानात नव्हे, तर इंग्‍लंडच्या दारिद्र्यविषयक कायद्यांच्या इतिहासात आहे आणि तो ध्यानात घेतल्याखेरीज येथील कोष्टकांचा अर्थ लागत नाही. फ्रान्सशी चाललेले युद्ध व नापिकी ह्यांमुळे १७९५ मध्ये इंग्‍लंडात पावाची किंमत भडकली. त्या वर्षी ६ मे रोजी बर्कशर परगण्याचे दंडाधिकारी स्पीनहॅमलंड ह्या गावी पेलिकन नावाच्या खानावळीत जमले आणि त्यांनी पावाच्या किंमतीवर आधारलेले एक प्रमाण ठरविले. ८ पौंड ११ औंस वजनाचा पाव १ शिलिंगास मिळत असेल, तेव्हा कष्टकरी गरीब माणसाला आठवड्यास ३ शिलिंग आणि त्याच्या पत्नीसाठी व कुटुंबातील इतर प्रत्येकासाठी दीड शिलिंग पडावा. तेवढी त्याची कमाई नसेल, तर तूट गावच्या करातून भरून द्यावी. पाव एका पेनीने महागला, की पुरुषामागे ३ पेन्स व इतर प्रत्येकामागे १ पेनी वाढवावी, असेही ठरले.

ह्या प्रमाणात एक बारकावा आहे. १ शिलिंग ४ पेन्सला पाव झाला, म्हणजे पुरुषाचा वाटा ४ शिलिंग होतो. म्हणजे पूर्वीप्रमाणे तीनच पाव येतात. पत्नीचा व मुलांचा वाटा मात्र १ शिलिंग १० पेन्स होतो व त्यात पूर्वीच्या दीड पावाऐवजी सु. एक पाव व तीन अष्टमांश एवढेच येते. महागाई वाढेल तसतसा बायकामुलांचा घास लहान होत जाई. भावाशी जोडलेला दरही कोणत्या भागापुरता जोडला आहे, हे पाहावे लागते ते अशासाठी. पुढे मुंबई इलाख्यातही हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसून आली.

स्पीनहॅमलंड पद्धतीने मजुरांना आळशी बनविले व मालकांना मजुरी कमी ठेवण्यास उत्तेजन दिले, असा निष्कर्ष १८३२ साली नेमलेल्या राजकीय आयोगाने काढला. नॅसॉ सीनिअर व एडविन चॅडविक हे ह्या आयोगाच्या अहवालाचे प्रमुख लेखक होत. त्या निष्कर्षाचा पुरावा तोकडा होता, असे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. परंतु त्यावरून झालेल्या १८३४ च्या कायद्यामागील तत्त्व मात्र दीर्घकाळ टिकले. साहाय्य घेणाऱ्याची स्थिती स्वतंत्रपणे राबणाऱ्या सर्वांत हलाखीच्या मजुराहूनही कमी इष्ट असली पाहिजे, असे ते तत्त्व होते. धडधाकट माणसाला मदत द्यावयाची, तर ती श्रमगृहात दाखल होण्याच्या अटीवर द्यावी, म्हणजे खरा गरजूच तेथे येईल, अशी त्यामागील कल्पना होती. हिंदुस्थानात आलेले सनदी अधिकारी ह्याच विचारांत वाढले होते. येथे श्रमगृहे नव्हती. त्यांची जागा खडी फोडण्याच्या व रस्ते-कालव्यांच्या दुष्काळी कामांनी घेतली.

ओरिसातील १८६६ च्या दुष्काळात शासनाने वेळेवर हालचाल केली नाही व सु. दहा लक्ष लोक दगावले. जॉर्ज कॅम्बेल ह्यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने शासनाला दोष दिला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १८७३–७४ च्या बिहारमधील टंचाईत सर रिचर्ड टेंपल ह्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, कामे उघडली व सढळ हाताने मजुरी दिली. भूकबळी जवळजवळ पडले नाहीत. पण खर्च सहा कोटी रुपयांहून अधिक झाला आणि तो उधळपट्टीचा ठरवून टेंपल ह्यांच्यावर सरकारी वर्तुळात टीकेची झोड उठली. माणसे वाचली ह्याचाच अर्थ संकट मुळात मोठे नव्हते, असा उलटा तर्क लढविला गेला. साहाय्याच्या इतिहासात हा तर्क अनेकदा आढळतो व त्याला उत्तर देणे कठीण असते. कारण न झालेले मृत्यू मोजता येत नाहीत.

दख्खनमध्ये १८७६ चा पाऊस गेला. सोलापूर, कलादगी, सातारा, पुणे, अहमदनगर, बेळगाव, धारवाड व नासिक ह्या जिल्ह्यांत तसेच मद्रास इलाख्यात व म्हैसूर संस्थानात दुष्काळ पसरला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांनी खर्च आवरण्यासाठी दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून ज्यांना धाडले, ते टेंपलच होत. बिहारमधील दोषारोप धुऊन काढण्याची ही संधी त्यांनी दवडली नाही. प्रौढ पुरुषाला दिवसाला १ पौंड (सु. ४५४ ग्रॅम) धान्याची बाजारभावाने होणारी किंमत व वर अर्धा आणा एवढी मजुरी पुरे, असा दर त्यांनी मद्रासमध्ये सुचविला, स्त्रियांचा व मुलांचा दर त्याहूनही कमी होता. माणूस एवढ्यावर काम करून तग धरतो की नाही, हे प्रयोगाने पाहता येईल, अशी त्यांची भूमिका होती. ‘टेंपल मजुरी’ ह्या नावाने हा दर कुप्रसिद्ध झाला. मुंबई सरकारनेही त्याच महिन्यात मुलकी अधिकाऱ्यांकडील हलक्या कामांवर हाच दर लागू केला आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर, जेथे नेहमीच्या कामाचा बराच मोठा भाग पुरा करावा लागे तेथे, दर काहीसा अधिक ठेवला. धडधाकट माणसे हलकी कामे सोडून घरापासून दूर असलेल्या मोठ्या कामांवर जावीत, हा त्यातील हेतू होता. श्रमाच्या कसोटीला अशा रीतीने अंतराच्या कसोटीची जोड मिळाली. सशक्त माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम न देण्याचे धोरण होते.

टेंपल मजुरीचा हिशेब कसा चाले, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ज्वारी रुपयाला १६ पौंड मिळत असेल, तर १ पौंडाची किंमत एक आणा व मजुरी दीड आणा. ज्वारी कडाडून रुपयाला ८ पौंड झाली, की १ पौंडाचे दोन आणे व मजुरी अडीच आणे. धान्याचा भाग भावाबरोबर चढला. वरचा अर्धा आणा होता तेथेच राहिला. मीठ, मिरची, डाळ, जळण, तेल व फाटक्या वस्त्राचा तुकडा ही सारी त्या अर्ध्या आण्यात बसवावयाची होती आणि दुष्काळात ह्या वस्तूही महागत. शिवाय दर आकारला जाई तो सरकारी नोंदीतील भावाने. मजूर धान्य घेई तो कामाच्या जागी दुकान थाटलेल्या वाण्याकडून. कागदावरील १ पौंड पदरात पडेपर्यंत पौंडभर राहत असेलच, असे नाही.

ह्या कपातीला मुंबई इलाख्यात जे उत्तर मिळाले, ते अपूर्व होते. दूरच्या कामांवर जाण्यास व कमी मजुरी घेण्यास नकार देऊन दख्खनी जिल्ह्यांतील मजुरांनी १८७७ च्या आरंभीच्या महिन्यांत थव्याथव्यांनी कामे सोडली. अशा मजुरांची संख्या लाखाच्या आसपास होती. ज्यांना घरी खाण्यास काही उरले नाही असे समजून कामावर घेतले होते, तेच काम सोडून घरी गेले. ह्यावरून त्यांना खरी गरज नव्हतीच, असा अर्थ सरकारी बाजूने लावण्यात आला. कमी दराची कसोटी आपले काम चोख करते, असे त्या बाजूचे म्हणणे. ⇨ पुणे सार्वजनिक सभेने ते खोडून काढले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या ह्या सभेने आपले माणूस गावोगाव धाडून पिकांची, भावांची व कामावरील लोकांच्या हालांची माहिती गोळा केली होती आणि ती वृत्तांतांच्या रूपाने प्रसिद्ध केली होती. गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका व ⇨ महादेव गोविंद रानडे हे ह्या कार्यामागे होते. सभेच्या अर्जांचा भर दयेवर नव्हता. राबणाऱ्या देहाला किती अन्न लागते, मजुराची नेहमीची मजुरी किती, १ पौंडात काय येते, अशा हिशेबावर होता. त्या वेळच्या वादात तुरुंगातील कैद्याच्या शिध्याशी तुलना वारंवार झाली, कारण तो शिधा दुष्काळी मजुराच्या वाट्याहून अधिक होता. सरकारी आकड्याला आकड्याने उत्तर देण्याची ही प्रथा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात येथून रुजली, असे म्हणता येईल. ह्याच सुमारास ⇨ जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. काम करणाऱ्याच्या मजुरीतून घरातील न राबणाऱ्या तोंडांचे भागत नव्हते, ह्याची ती एक साक्षच होय.

मद्रासमध्ये विरोध झाला तो सरकारच्याच एका अधिकाऱ्याकडून. त्या इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश ह्यांनी १ पौंड धान्यावर शरीर झिजते व श्रम करणाऱ्यास निदान दीड पौंड धान्य, शिवाय डाळी व भाजीपाला लागतो, असे आपल्या व्यवसायाच्या आधारे मांडले. कृश झालेल्या मजुरांची पाहणी व कामांच्या तळांवरील मृत्यूंच्या नोंदी ह्यांचा पुरावा त्यांनी पुढे केला. टेंपल ह्यांनी त्यांना लेखी उत्तरे दिली व हा वाद सरकारी कागदांत सविस्तर नमूद आहे. अखेर मे १८७७ मध्ये मद्रास सरकारने दर वाढविला. त्याच सुमारास टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळ आयोगाच्या अंदाजाप्रमाणे १८७६–७८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात नेहमीहून सु. ५२·५ लक्ष मृत्यू अधिक झाले. ह्यांतील किती मृत्यू कमी दराने ओढवले व किती पटकी, हिवताप आणि साहाय्य मिळण्यातील दिरंगाई ह्यांनी, ते वेगळे काढता येत नाही. तथापि अर्धपोटी माणूस रोगाला आधी बळी पडतो, एवढे निश्चित.

सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये बाहेर पडला. काम करणाऱ्याची प्रकृती टिकून राहील एवढी मजुरी द्यावी, त्याहून अधिक देऊ नये, हे सूत्र आयोगाने मांडले. पुरे काम करणाऱ्या पुरुषासाठी सु. दीड पौंड धान्याचा शिधा त्याने प्रमाण मानला. म्हणजे ह्या मुद्द्यावर टेंपल ह्यांच्याऐवजी कॉर्निश ह्यांचे म्हणणे मान्य झाले. कामावरील माणसाच्या अवलंबितांचा विचार व्हावा, तसेच जे काम करू शकत नाहीत अशा वृद्ध, रोगी व अपंगांना गावातच फुकट शिधा मिळावा, असेही त्याने सुचविले. मात्र साहाय्य हा लोकांचा हक्क आहे, असे मानण्यास आयोग तयार नव्हता. दुष्काळात गरिबांचा हक्क मान्य केला, तर एरवीही तो मागितला जाईल, ही भीती अहवालात उघडपणे व्यक्त झाली आहे. १८८३ मध्ये दुष्काळ-संहितेचा नमुना तयार झाला व त्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता बनल्या.

ह्या संहितांतील मजुरीचे प्रकरण वाचनीय आहे. खोदणारे, वाहणारे, हलके काम करणारे व काम न करू शकणारे असे वर्ग पाडून प्रत्येकासाठी धान्याचे वजन ठरविलेले असे. त्या भागातील गरिबांच्या नेहमीच्या आहारातले सर्वांत स्वस्त धान्य, म्हणजे दख्खनमध्ये ज्वारी वा बाजरी, कोणत्या भावाने मिळते ते पाहून त्या वजनाचे पैशात रूपांतर होई. भाव चढले, की मजुरी चढे व उतरले, की उतरे. कोणाही पुढाऱ्याने मागणी करण्याची वा मंत्र्याने घोषणा करण्याची त्यात आवश्यकता नसे. संहितेचे कर्ते उदार नव्हते. पण त्यांनी दर पैशात न सांगता वजनात सांगितला आणि एवढ्याने महागाईचा बराचसा भार मजुरावरून सरकारवर आला. ही गोष्ट पुढील काळाच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात मुंबईची संहिता प्रथमच मोठ्या प्रमाणावर कसाला लागली. ती इंग्रजीत होती व ज्यांच्यासाठी होती त्यांना तिचा पत्ता नव्हता. ⇨ बाळ गंगाधर टिळक ह्यांनी ⇨ केसरीतून संहितेतील तरतुदी मराठीत समजावून दिल्या आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी त्या गावोगाव सांगितल्या. सारा कधी तहकूब होतो, काम केव्हा मागता येते व मजुरी किती मिळाली पाहिजे, हे शेतकऱ्याला कळू लागले. सरकारच्या दृष्टीने ती त्याने स्वतःसाठी घातलेली अंतर्गत नियमावली होती. टिळकांनी ती लोकांच्या हाती कायद्यासारखी दिली. १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. ⇨ अमर्त्य सेन ह्यांच्यासारख्यांनी पुढे ज्यास ‘अधिकारिता’ म्हटले, तिचा हा एक आरंभीचा पाठ मानावयास हरकत नाही.

त्या दुष्काळानंतर सर जेम्स लायल व १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर सर अँटनी मॅक्डॉनेल ह्यांचे आयोग नेमण्यात आले. १९०० च्या पावसाळ्यात देशभर साहाय्य घेणाऱ्यांची संख्या साठ लाखांच्या वर गेली होती. ह्या काळातील वादाचा विषय मूळ दर नव्हता, तर त्यातून होणारी कापणी हा होता. ठरवून दिलेले काम पुरे झाले नाही, तर दंड म्हणून मजुरी कमी केली जाई आणि मुंबई इलाख्यात ती किमान दराच्याही खाली जाऊ शके. उपाशी माणूस काम कमी करतो, काम कमी म्हणून मजुरी कमी मिळते व मजुरी कमी म्हणून तो आणखी अशक्त होतो, असे हे चक्र होते. मॅक्डॉनेल आयोगाने (१९०१) आगाऊ तगाई, साऱ्याची वेळेवर तहकुबी आणि लोकांचा धीर खचण्यापूर्वी कामे उघडणे ह्यांवर भर दिला, हे स्वागतार्ह होते. पण एकंदर साहाय्य गरजेपेक्षा अधिक झाले, असेही मत त्याने नोंदविले आणि कामाच्या मापाप्रमाणे मजुरी देण्याची शिफारस केली. मापाप्रमाणे मजुरी हे तत्त्व त्यानंतर ह्या क्षेत्रात कायमचे ठाण मांडून बसले.

संहिता असूनही ती लागू करावयाची की नाही, हे सरकारच्या मर्जीवर राही. १९४३ मध्ये बंगालमध्ये लक्षावधी माणसे मरत असताना तेथील सरकारने संहितेखाली दुष्काळ जाहीर केला नाही. केला असता, तर ठराविक शिधा व मजुरी देणे भाग पडले असते. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६३ मध्ये एक आगळा कायदा झाला व त्याने राज्यातील कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच गाळून टाकला. दुष्काळाची परिस्थिती येऊच द्यावयाची नाही, असा निर्धार त्यामागे सांगितला गेला. तेव्हापासून सरकारी कागदांत ‘टंचाई’ हा शब्द आला. लोकांच्या तोंडी मात्र दुष्काळच राहिला.

१९७० ते १९७३ ही अवर्षणाची सलग वर्षे, विशेषतः १९७२–७३ हे वर्ष, महाराष्ट्राच्या स्मरणात खोल रुतून बसली आहेत. मे १९७३ मध्ये राज्यातील टंचाईच्या कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. खडी केंद्रे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ह्यांवर सबंध गावे लोटली होती. परदेशातून आलेली लाल मिलो व कामावर वाटली जाणारी सुकडी ह्यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. धान्योत्पादन निम्म्याहून खाली आलेले असतानाही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, ह्याचे श्रेय अभ्यासकांनी मुख्यत्वे ह्या कामांवरील मजुरीला दिले आहे.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी काम मागणाऱ्यास काम देण्याची कल्पना सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आधीच आजमावून पाहिली होती. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. १९७७ साली संमत झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. १८८० च्या आयोगाने ज्याची भीती बाळगली होती तो हक्क, आणि तोही दुष्काळ नसतानाचा, अशा रीतीने एका राज्याच्या कायद्यात उतरला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता द्यावयाचा होता. हा भत्ता इतका अल्प होता व तो इतका क्वचित दिला गेला, की हक्काची बाजू त्यामुळे लंगडीच राहिली.

योजनेतील मजुरी मापावर होती. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम व खडक ह्यांच्या खोदाईचे आणि माती किती अंतरावर व किती उंचीवर टाकावयाची ह्याचे दर वेगवेगळे होते. सर्वसाधारण ताकदीच्या माणसाने दिवसभर काम केले, तर शेतमजुरीच्या किमान वेतनाइतकी कमाई व्हावी, अशा बेताने ते बांधलेले होते. स्त्रीपुरुषांना दर सारखाच होता व कामावर स्त्रियांची संख्या मोठी असे. बाहेर शेतावर मिळणाऱ्या विषम मजुरीच्या तुलनेत ही गोष्ट लहान नव्हती. पण सर्वसाधारण ताकदीचे माप नेहमी धट्ट्याकट्ट्या मजुरावरून घेतले जाते. म्हातारी, गरोदर किंवा आजारातून उठलेली बाई त्या मापात मागे पडते. हजेरीपट भरणारा कारकून व माप घेणारा ओव्हरसियर ह्यांच्या हातीही बरेच काही राहिले. दंडाची पद्धत गेली, तरी कमी कामाला कमी पैसे हे टिकले.

टंचाईच्या कामावरील मजुरी किमान वेतनाहून कमी ठेवता येईल काय, हा प्रश्न १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे राजस्थानातील एका रस्त्याच्या कामावरून आला. तेथे १९६४ च्या एका कायद्याने दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट दिली होती. ही माणसे नोकरीवर नाहीत, त्यांना साहाय्य दिले जात आहे, असा युक्तिवाद झाला; म्हणजे १८३४ चे तत्त्व दीडशे वर्षांनी भारतीय न्यायालयात उभे होते. संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य ह्या प्रकरणी न्यायमूर्ती पी. एन्. भगवती ह्यांनी तो युक्तिवाद फेटाळला. लाचारीमुळे किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाखाली वेठबिगारी होते आणि शासन कोणावर उपकार म्हणून त्याचे श्रम स्वस्तात घेऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

दर वाढला म्हणजे साहाय्य वाढतेच, असे मात्र नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रातील शेतमजुरीचे किमान वेतन दुपटीने वाढले व त्याला बांधलेली रोजगार हमीची मजुरीही वाढली. पुढील दोन-तीन वर्षांत योजनेवरील मनुष्यदिवस घटले. पावसाची चांगली वर्षे व इतर योजना ही काही कारणे होती. परंतु मार्टिन रॅव्हॅलियन व त्यांचे सहकारी ह्यांच्या अभ्यासात असे दिसून आले, की मागणी असूनही कामे पुरेशी उघडली गेली नाहीत. खर्चाची रक्कम तीच ठेवून दर वाढविला, की माणसे कमी करावी लागतात. कमी दराने जे काम केले असते, तेच आता कामे न उघडण्याने केले. दर, संख्या व एकूण तरतूद ह्या तिहींपैकी दोन ठरविल्या, की तिसरी आपोआप ठरते, हे गणित टेंपल ह्यांनाही ठाऊक होते.

महाराष्ट्राच्या अनुभवावरून संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमाने किमान वेतन कायद्यात काहीही असले तरी वेगळा दर ठरविण्याची मुभा केंद्राला दिली होती. १ जानेवारी २००९ पासून केंद्राने आपली दरमर्यादा १०० रुपयांवर बांधली. त्यामुळे काही राज्यांत हमीची मजुरी तेथील शेतमजुरीच्या किमान वेतनाहून कमी पडू लागली. शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी ती २०११ मध्ये जोडण्यात आली. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरी देता येणार नाही, असा निर्णय दिला व त्यास स्थगिती देण्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नाकारले. निर्देशांकाशी जोडणे म्हणजे एका अर्थी जुन्या संहितेतील भावाप्रमाणे फिरणारी मजुरीच परत आणणे होते. फरक एवढाच, की तेथे आधाराला धान्याचे वजन होते, तर येथे आधी ठरून गेलेला रुपयांचा आकडा.

जे काम करू शकत नाहीत त्यांच्या बाबतीत उलट दिशेने वाटचाल झाली. संहितेतील फुकट शिधा वजनात होता. महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना व केंद्राने १९९५ मध्ये सुरू केलेले वृद्धांचे निवृत्तिवेतन ही दोन्ही ठरलेल्या रुपयांत आहेत. महाराष्ट्रातील निराधारांचे मासिक अनुदान २०१९ मध्ये ६०० रुपयांवरून १,००० रुपये व २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले; दोन्ही वेळा शासननिर्णयाने, भावांशी जोडलेल्या कोणत्याही नियमाने नव्हे. केंद्राचा वृद्धांसाठीचा वाटा आरंभी महिन्यास ७५ रुपये होता. २००६–०७ मध्ये तो २०० रुपये झाला. ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी तो २०११ मध्ये ५०० रुपये करण्यात आला. साठीच्या व सत्तरीच्या वृद्धांसाठी पुढील दीड दशकात तो २०० रुपयेच राहिला.